हुतात्मा होसे रिझाल आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले. ते आपल्याकडील नाही, दूरच्या फिलिपिन्स बेटांवरील आहे. त्याचे कारण शेवटी सांगेन. देशभक्ती म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंडावंदनास जाणे आणि एरवी ती मोठ्या माणसांवर सोपवणे, अशी माझी कित्येक वर्षांची समजूत होती. ती या चरित्राने मोडली.

होसे रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी कालांबा या गावी झाला. अकरा भावंडांतला हा सातवा. त्यांत भाऊ दोनच, थोरला पासियानो आणि होसे. बाकी साऱ्या बहिणी. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचे राज्य होते आणि गावोगावी खरी सत्ता स्पॅनिश पाद्र्यांच्या हाती होती. होसेची आई तेओदोराबाई शिकलेली, वाचनाची आवड असलेली. मुलाला पहिली अक्षरे तिनेच शिकवली. एका रात्री दिव्याजवळ बसून ती त्याला पतंगाची गोष्ट वाचून दाखवीत होती. मुलाचे लक्ष मात्र ज्योतीत झेप घेणाऱ्या खऱ्या पतंगांकडे लागले होते. उजेडासाठी जीव टाकणे त्याला मूर्खपणाचे वाटेना. ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

होसे दहा-अकरा वर्षांचा असताना याच माउलीवर भावजयीला विष घालू पाहिल्याचा खोटा आळ आला. तिला पकडून सांता क्रूझपर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटर, पायी चालवत नेले. अडीच वर्षांच्या तुरुंगवासानंतर ती निर्दोष सुटली. त्याच सुमारास, १७ फेब्रुवारी १८७२ रोजी, तीन देशी धर्मगुरूंना बंडाचा आळ ठेवून मनिलाच्या बागुंबायान मैदानावर जाहीरपणे ठार मारण्यात आले. त्यांतले फादर बुर्गोस हे पासियानोचे गुरू. अन्याय काय असतो, हे या मुलाला पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

१८८२ मध्ये रिझाल स्पेनला गेले. माद्रिदला वैद्यक शिकले, पॅरिस व हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यकाचा अनुभव घेतला. आईची दृष्टी अधू होत चालली होती, हे त्यामागचे एक कारण होते. पुढे हाँगकाँगमध्ये त्यांनी तिच्या डोळ्यावर स्वतः शस्त्रक्रियाही केली. १८८७ मध्ये त्यांची ‘नोली मे तांहेरे’ ही कादंबरी बर्लिनमध्ये छापली गेली. पदरचे पैसे संपलेले. एका मित्राने कर्ज दिले तेव्हा दोन हजार प्रती निघाल्या. पाद्र्यांचा जुलूम आणि लोकांचा भित्रेपणा, दोन्ही तीत उघडे केलेले. पाद्री खवळले. १८९१ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे दुसरी कादंबरी निघाली, ती त्यांनी त्या तीन धर्मगुरूंना अर्पण केली.

या दोन कादंबऱ्यांच्या मधली एक गोष्ट आपणा स्त्रियांना विशेष जवळची वाटेल. मालोलोस गावच्या वीस तरुणींनी १२ डिसेंबर १८८८ रोजी गव्हर्नर-जनरलला अर्ज दिला, की आम्हाला स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रीची शाळा काढू द्या. गावच्या पाद्र्याने आडकाठी केली. मुली हटल्या नाहीत. अखेर परवानगी मिळाली, तीही खर्च स्वतः सोसण्याच्या अटीवर. ती शाळा फार काळ टिकली नाही, पण लंडनमध्ये असलेल्या रिझालांना या मुलींचा केवढा अभिमान वाटला! फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांनी तिकडून त्यांना लांबलचक पत्र पाठवले. कुणी सांगितले म्हणून मान डोलावू नका, स्वतः विचार करा, आई मिंधी असेल तर मुले ताठ मानेची कशी होतील, असा त्याचा सारांश.

१८९२ मध्ये आप्तेष्टांचा सल्ला न मानता रिझाल मायदेशी परतले. ३ जुलैला त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही संस्था काढली आणि तीन दिवसांत त्यांना अटक झाली. मिंडानाओ बेटावरील दापितान येथे चार वर्षे हद्दपारीत गेली. तिथेही ते हात बांधून बसले नाहीत. गावाला पाणी आणून दिले, मुलांची शाळा चालवली, गरिबांचे डोळे तपासले. हाँगकाँगहून आपल्या अंध पालकाला उपचारासाठी घेऊन आलेली जोसेफिन ब्रॅकन ही आयरिश तरुणी तिथेच त्यांची सहचारिणी झाली. त्यांचे पहिले मूल मात्र जन्मतःच गेले.

रिझालांना अटक झाल्यावर लगेच, १८९२ च्या जुलैतच, आंद्रेस बोनिफासिओ यांनी ‘कातिपुनान’ ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभारली. रिझाल सशस्त्र उठावाच्या बाजूचे नव्हते. लोक शिकले नाहीत, तयारी नाही, तोवर रक्त वाया जाईल, असे त्यांचे मत होते. तरीही ऑगस्ट १८९६ मध्ये उठाव झाला तेव्हा दोष त्यांच्यावरच आला. पासियानोने भावाविरुद्ध कागदावर सही करावी म्हणून त्याचे हाल हाल केले. त्याने सही केली नाही. २६ डिसेंबरला लष्करी न्यायालयात खटला चालला आणि मृत्युदंड ठरला.

२९ तारखेला आई आणि बहिणी भेटीला आल्या. निरोप घेताना रिझालांनी त्रिनिदाद या बहिणीला इंग्रजीत हळूच सांगितले, की त्या स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हमध्ये काहीतरी आहे. पहारेकऱ्यांना इंग्रजी येत नव्हते. घरी आल्यावर स्टोव्ह उघडला. आत बारीक अक्षरांत लिहिलेला, घड्या घातलेला कागद निघाला. तीच त्यांची अखेरची कविता, चौदा कडव्यांची, शीर्षक नसलेली. आज फिलिपिन्सच्या शाळाशाळांतून ती मुलांना ठाऊक आहे. पण त्या रात्री ती वाचली, ती एका बहिणीने ओठ घट्ट मिटून घेतल्यामुळे.

३० डिसेंबर १८९६. सकाळी सातच्या सुमारास त्याच बागुंबायान मैदानावर त्यांना उभे केले. देशद्रोह्याप्रमाणे पाठीत गोळ्या घालायच्या होत्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती शांत होती. गोळ्या सुटताच त्यांनी अंग फिरवले आणि आकाशाकडे तोंड करून ते कोसळले. वय अवघे पस्तीस.

देह कुटुंबाला दिला नाही. पाको स्मशानात शवपेटीशिवाय गुपचूप पुरला. नार्सिसा ही बहीण मनिलाची स्मशाने धुंडाळत फिरली. एका ताज्या मातीपाशी पहारा दिसताच ती काय ते समजली. तिने तिथल्या माणसाला हाताशी धरून एक छोटी शिळा बसवली, तिच्यावर भावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने कोरली. राज्य सत्ताधाऱ्यांचे होते, पण खूण तिच्याजवळ होती. ऑगस्ट १८९८ मध्ये तिने अस्थी काढून घरी आणल्या. १९१२ च्या ३० डिसेंबरला त्या मोठ्या सन्मानाने त्याच मैदानावर, त्यांच्या स्मारकाखाली, ठेवल्या गेल्या. तेओदोराबाई मात्र तो दिवस पाहायला राहिल्या नव्हत्या. त्या आदल्याच वर्षी वारल्या.

एका माणसाला मारून बंड विझेल, असे राज्यकर्त्यांना वाटले होते. घडले ते उलटच. काल स्वतःला तागालोग, इलोकानो म्हणवणारी माणसे या मरणाने फिलिपिनो म्हणून एक झाली. शोक करीत जोसेफिन काविते प्रांतातल्या क्रांतिकारकांत गेली आणि जखमींची शुश्रूषा करू लागली. छळाने खिळखिळा झालेला पासियानो क्रांतीच्या सैन्यात सेनापती झाला. १२ जून १८९८ रोजी फिलिपिन्सने स्वातंत्र्य घोषित केले आणि त्याच डिसेंबरात ३० तारीख राष्ट्रीय शोकदिन ठरली. पुढे अमेरिकेची सत्ता आली, स्वातंत्र्य पुन्हा १९४६ पर्यंत लांबले, तरी तो दिवस लोकांनी सोडला नाही. आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९८३ मध्ये, विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली, तेव्हाही तेच दिसले. कधी रस्त्यावर न उतरलेली माणसे उतरली, आणि १९८६ मध्ये त्यांच्या पत्नी कोराझोन, ज्या स्वतःला साधी गृहिणीच म्हणवीत, त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

आता सुरुवातीला राहिलेले कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने वस्तीतल्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढायचे ठरवले, तेव्हा मला विचारले होते. घरचे आटोपत नाही, म्हणून मी नाही म्हटले. दुसऱ्या कुणी वेळ दिला नाही आणि वर्ग निघालाच नाही. नंतर रिझालांचे चरित्र हाती पडले आणि मालोलोसच्या त्या वीस मुलींपाशी मी अडकून बसले. त्यांनी शिकण्यासाठी गव्हर्नर-जनरलशी झगडा केला. माझ्याकडे तर कुणी नुसता दुपारचा एक तास मागितला होता.

थोरांचे मरण आपल्याला रडवते. त्यात विशेष काही नाही. रडून झाल्यावर जो तो आपल्या वाट्याचे काय उचलतो, तिथे देश सुरू होतो. त्रिनिदादने स्टोव्ह सांभाळला, नार्सिसाने कबर शोधली. दोन्ही कामे घरातल्या बाईला जमण्यासारखीच होती.

दिवाळीनंतर दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या खोलीत पाटी-पेन्सिली घेऊन बसणार आहे. ज्या भगिनींना तासभर सवड असेल, त्यांनी अवश्य यावे.