इन्सुलिनचे संशोधक डॉ. फ्रेडरिक बँटिंग

ज्यांच्या जन्मदिनी, १४ नोव्हेंबरला, जगभर मधुमेह दिन पाळला जातो, ते डॉ. फ्रेडरिक बँटिंग मधुमेहाचे तज्ज्ञ नव्हते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ॲलिस्टनजवळच्या शेतकरी कुटुंबात १८९१ साली जन्मलेले बँटिंग पहिल्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून लढाईत जखमी झाले. ‘मिलिटरी क्रॉस’ हे शौर्यपदक त्यांना मिळाले. परतल्यावर थाटलेला दवाखाना मात्र चालेना.

त्या काळी मधुमेहाचे निदान अवघड नव्हते. लघवीच्या तपासणीत साखर सापडत असे. पण पुढे काय, याचे उत्तर नव्हते. लहान मुलांच्या बाबतीत निदान म्हणजे मृत्यूचीच सूचना होती. अर्धपोटी ठेवून तो फार तर काही काळ लांबवता येई.

स्वादुपिंडातील कोणता तरी स्राव साखरेवर नियंत्रण ठेवतो, हे शास्त्रज्ञांना उमगले होते. तो वेगळा काढून औषध म्हणून वापरणे कोणाला साधले नव्हते. ऑक्टोबर १९२० मध्ये एक शोधनिबंध वाचून बँटिंग यांना स्वादुपिंडाची नळी बांधण्याची युक्ती सुचली. टोरांटो विद्यापीठातील प्रा. जॉन मॅक्लिऑड यांनी, काहीशा साशंकतेनेच, त्यांना प्रयोगशाळा आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण सहायक दिला. १९२१ च्या उन्हाळ्यात कुत्र्यांवर प्रयोग झाले. ती युक्ती पुढे अनावश्यक ठरली. कामी आली ती बँटिंग यांची चिकाटी.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या हाडांचा सापळा झालेल्या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. अर्क अशुद्ध होता. साखर थोडीच उतरली, टोचल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावे लागले. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून सुरू होताच लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली. लेनर्ड आणखी १३ वर्षे जगला. मात्र इन्सुलिनने रोग समूळ जात नाही. ते रोज टोचावे लागे.

१९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना विभागून मिळाले. बेस्टला वगळल्याने संतापलेल्या बँटिंग यांनी आपली निम्मी रक्कम त्याला दिली. मॅक्लिऑड यांनी कॉलिपला. मॅक्लिऑड यांच्यावरील बँटिंग यांचा राग सर्वस्वी न्याय्य नव्हता. पेटंटचे हक्क मात्र संशोधकांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये युद्धकार्यासाठी ब्रिटनला निघालेले त्यांचे विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळले. मृत्युसमयी बँटिंग ४९ वर्षांचे होते.