बियाण्याबरोबर ज्ञानही पोहोचवणारे खानखोजे

मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९२० च्या दशकात रंगवलेली चित्रे आजही पाहायला मिळतात. त्यातील एका चित्रात जेवणाच्या टेबलावर प्रमुखाच्या जागी बसलेला माणूस भोवतीच्या कष्टकऱ्यांसाठी पाव मोडतो आहे. हा माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, असे मानले जाते. क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. परक्या देशातील प्रौढ शेतकऱ्यांना शिकवण्याचे त्यांचे काम मात्र आपल्याकडे फारसे माहीत नाही.

खानखोजे शाळकरी वयात असताना, १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. दुष्काळात माणूस केवळ रिकाम्या पोटाने मरत नाही. उपासमारीने शरीराची प्रतिकारशक्ती खचते. मग कॉलरा, हगवण, हिवताप त्याला गाठतात. धान्याची टंचाई हा म्हणूनच आरोग्याचा पहिला प्रश्न ठरतो.

लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने हा तरुण देशाबाहेर पडला. हेतू होता लष्करी शिक्षण घेऊन इंग्रजांशी लढण्याचा. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. तिथे एकीकडे लष्करी विद्यालयात कवायत आणि दुसरीकडे कॉलेजात शेतीशास्त्र, असे दुहेरी शिक्षण सुरू झाले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजमधून त्यांनी पदवी घेतली. त्याच काळात गदर चळवळीच्या उभारणीतही ते होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपले, पण मायदेशाचे दार बंदच राहिले. अखेर १९२४ च्या सुमारास त्यांनी मेक्सिको गाठले.

तेव्हाचा मेक्सिको नुकताच मोठ्या क्रांतीतून बाहेर पडला होता. १९१७ च्या राज्यघटनेने जमीनदारांच्या अफाट जमिनी गावांना वाटण्याची वाट मोकळी केली होती. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेला मजूर आता स्वतः शेती करणार होता. कोणते बियाणे ठेवायचे, कधी पेरायचे, जमिनीचा कस कसा राखायचा, हे निर्णय आजवर त्याने घेतलेच नव्हते. जमीन मिळाली तरी पीक बुडाले की घरात उपासमार ठरलेली.

राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. हे विद्यालयसुद्धा एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या जागेवर उभे होते. मका, गहू, कडधान्ये आणि रबर यांवर त्यांनी संशोधन केले. थंडीचा कडाका आणि पाण्याचा ताण सोसणारे वाण तयार करण्यावर त्यांचा भर होता. मक्याचा रानटी नातलग असलेल्या ‘तेओसिंते’ या गवताशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

पण विद्यालयात येणार ते तरुण विद्यार्थी. ज्याच्या हातात नांगर होता, तो चाळिशीचा शेतकरी वर्गात येणार नव्हता. त्याला ना सवड, ना अक्षरओळख. म्हणून खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. शाळाच शेतकऱ्याच्या गावी गेली. १९२८ मध्ये सुरू झालेल्या अशा एका शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता याचे नाव दिले होते. रिवेरा यांचा या कामाला पाठिंबा होता आणि छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या मक्याची आणि या शाळांची छायाचित्रे टिपली.

नवे बियाणे नुसते वाटून भागत नाही, हे मक्याच्या बाबतीत सहज समजते. मक्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. शेजारच्या शेतातील साधा मका चांगल्या वाणात मिसळतो आणि काही हंगामांत वाणाचा गुण उतरतो. कणगीतून हाताला येईल ते कणीस बियाण्याला घेण्याऐवजी उभ्या पिकातच निरोगी, भरलेली ताटे हेरून ठेवावी लागतात. हे कसब शेतकऱ्याच्या हातात आले, तरच वाण टिकतो.

शिक्षण एकाच दिशेने वाहत नाही, हेही मकाच सांगतो. मेक्सिकोतील बायका शेकडो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व घट्ट बांधलेले असते. चुन्यामुळे ते सुटे होऊन शरीराला मिळते. सोबत घेवड्याच्या बिया असल्या की प्रथिनांची उणीवही भरून निघते, जशी आपल्याकडे भाकरीसोबतच्या डाळीने निघते. मका समुद्रापार युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत, उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही, पेलाग्रा पसरला. कातडी सोलणे, जुलाब, बुद्धिभ्रम आणि शेवटी मृत्यू, असा हा आजार. बियाणे गेले आणि ज्ञान गेले नाही, तर काय होते याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

१९३६ मध्ये खानखोजे यांनी बेल्जियन तरुणी जान सिंदिक हिच्याशी विवाह केला. भारत स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी परतण्यासाठी अर्ज केला. इंग्रजांच्या जुन्या नोंदीत त्यांचे नाव धोकादायक म्हणून होते आणि स्वतंत्र देशाच्या कचेरीने तीच नोंद पाहून आधी परवानगी नाकारली. पुढे तो निर्णय फिरला आणि ते नागपुरात स्थायिक झाले. पण उमेदीची वर्षे परदेशात खर्ची पडली होती. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी विकसित केलेले बुटके गव्हाचे वाण भारतात रुजत होते. त्याचे श्रेय खानखोजे यांना देणे योग्य नाही. ते काम वेगळे होते. पण त्या वाणालाही यश आले ते खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि पेरणीची खोली शेतकऱ्याला बांधावर जाऊन शिकवली गेली, तेव्हाच. आज भारतही १९६४ पासून चालू असलेल्या ‘आयटेक’ कार्यक्रमातून इतर देशांतील लोकांना प्रशिक्षण देतो आणि शेती हा त्यातील एक विषय आहे. त्या प्रशिक्षणाची कसोटी खानखोजे यांच्या शाळांपेक्षा वेगळी असू शकत नाही. प्रमाणपत्रे किती वाटली हे महत्त्वाचे नाही. शिकून गेलेला माणूस आपल्या गावच्या शेतात काय बदलतो आणि त्याच्या मुलांच्या ताटात काय पडते, हे महत्त्वाचे आहे.