गोव्याच्या बसचा कंडक्टर

दिवाळीची सुटी लागली की आमच्या डोंबिवलीच्या घरात एक चित्रपट हमखास लागतो. पूर्वी आम्ही त्याची व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणत असू, मग सीडी आली, आता नातू तो मोबाइलवरून टीव्हीवर लावतो. चित्रपट मात्र तोच, 1972 सालचा ‘बॉम्बे टू गोवा’. भजी-पकोड्यांसाठी आकांत मांडणारा गोलमटोल मुलगा, काही केल्या जागा न होणारा केश्टो मुखर्जी आणि ही सगळी वरात सांभाळणारा कंडक्टर मेहमूद. प्रसंग पाठ आहेत, तरी हसू येतेच.

यंदा बघताना एक गंमत लक्षात आली. वाशीचा खाडीपूल खुला झाला 1973 साली. तोपर्यंत मुंबईहून गोव्याला जायचे तर ठाणे, कळवा, मुंब्रा करत पनवेल गाठायचे. पडद्यावर हा रस्ता दिसत नाही, पण नकाशा उघडला तर मेहमूदची बस आमच्या उंबऱ्यावरूनच गेली असणार. तेवढ्या नात्याने त्याच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

मेहमूदचा जन्म 29 सप्टेंबर 1932 चा, मुंबईतला. वडील मुमताज अली हे बॉम्बे टॉकीजमधले नावाजलेले नर्तक-नट. ‘किस्मत’मध्ये (1943) छोट्या अशोककुमारचे काम मेहमूदने केले. पण त्यानंतर दारे आपोआप उघडली नाहीत. त्याने कोंबड्या-अंडी विकली, दुसऱ्यांच्या मोटारी चालवल्या, मीनाकुमारीला टेबल टेनिस शिकवले. तिच्याच बहिणीशी, मधूशी, त्याचे लग्न झाले. ‘सीआयडी’त (1956) तो चक्क खुनी होता. हसवणारा मेहमूद लोकांना सापडायला अजून अवकाश होता.

तो सापडला त्यात दोन मराठी माणसांचाही वाटा आहे. ‘ससुराल’ (1961), ‘जिद्दी’ (1964) अशा चित्रपटांतून शुभा खोटे आणि धुमाळ यांच्याबरोबर त्याचे त्रिकूट जमले. मुलगी, तिचा खवट बाप आणि उपद्व्यापी प्रियकर, एवढ्या भांडवलावर या तिघांनी थिएटरे हसवली.

पारितोषिकेही आली. ‘दिल तेरा दीवाना’साठी (1962) सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळाले. पुढे विनोदी भूमिकेसाठी फिल्मफेअरने वेगळे पारितोषिक सुरू केले, तेव्हा पहिला मान ‘प्यार किये जा’साठी (1966) मेहमूदलाच मिळाला. मग ‘वारिस’, ‘पारस’, ‘वरदान’. या वेगळ्या पारितोषिकात मान होता, तशी पंगतही वेगळी होती. नायकांचे ताट एकीकडे, हसवणाऱ्यांचे दुसरीकडे.

त्या पंगतीत बसूनही वाढण्याचे काम त्याने केले. राहुलदेव बर्मनला स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला चित्रपट दिला तो मेहमूदने, ‘छोटे नवाब’ (1961). अमिताभ बच्चन धडपडत होता, तेव्हा मेहमूदचा धाकटा भाऊ अन्वर अली त्याचा मित्र. त्या दोस्तीपायी अमिताभला मेहमूदच्या घरात आसरा मिळाला. ‘बॉम्बे टू गोवा’त अन्वर ड्रायव्हर, मेहमूद कंडक्टर आणि नायक अमिताभ.

पुढच्याच वर्षी ‘जंजीर’ आला आणि हवा पालटली. नायकच मारामारी करू लागला, गाऊ लागला आणि हळूहळू हसवूही लागला. हसवणाऱ्याची जागा आक्रसत गेली. कंडक्टरने ज्याला तिकीट फाडून दिले, त्याने पुढे अख्खी बस घेतली. यात अमिताभचा दोष नाही. मेहमूदही तेच ते दाक्षिणात्य उच्चार आणि त्याच त्या लकबी उगाळू लागला होता. आज त्यातले काही विनोद पाहताना अवघडायला होते, हेही कबूल केले पाहिजे.

पण याच माणसाने 1974 साली ‘कुंवारा बाप’ केला. त्याचा मुलगा मॅकी पोलिओने अपंग झाला होता. बापाने ते दुःख पडद्यावर मांडले. स्वतः रिक्षावाला झाला, मुलालाही काम दिले आणि गावोगावच्या आईबापांना लसीचे महत्त्व पटवले. मेहमूदच्या विनोदी पारितोषिकांच्या यादीत ‘कुंवारा बाप’ नाही आणि ‘बॉम्बे टू गोवा’ही नाही.

हृदयविकारावरच्या उपचारांसाठी तो अमेरिकेत गेला होता. तिथेच, पेनसिल्व्हेनियात, 23 जुलै 2004 रोजी झोपेतच गेला. साऱ्या देशाला गोव्याच्या बसमध्ये बसवणारा हा माणूस घरापासून इतक्या दूर गेला, याची रुखरुख वाटते.

गणपतीत खोपटच्या एसटी स्थानकावर कोकणच्या गाड्यांना झुंबड उडते. पिशव्या, पोरे, भांडणे आणि त्यातच फुटणारे हसू. ते पाहिले की मला तीच बस आठवते. यंदा चित्रपट संपल्यावर मी नातवाला विचारले, यातला हीरो कोण? तरुण, काटकुळ्या अमिताभला त्याने ओळखलेच नव्हते. त्याने विचार न करता कंडक्टरचे नाव घेतले. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.