इतिहासाचार्यांचा एकांत

हातातील दूरध्वनी घटकाभरही स्वस्थ बसू देत नाही, अशी तक्रार आज घरोघरी ऐकू येते आणि त्यावर उपाय म्हणून एकांताचे गोडवे गायिले जातात. जणू माणसांचा सहवास आणि एकांत यांचे हाडवैरच आहे! असे मानणाऱ्यांनी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र अवश्य पाहावे.

1863 साली जन्मलेल्या राजवाडे यांना तरुणपणीच पत्नीवियोग झाला. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गरजा अत्यल्प ठेवून उभे आयुष्य त्यांनी संशोधनास वाहिले. स्वभाव तापट, भीडमुर्वत ठाऊक नाही. असा पुरुष खोलीचे दार लावून बसला असता, तर नवल नव्हते. परंतु मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल पत्रे ग्रंथालयांत नव्हती. ती गावोगावच्या वाड्यांत, जुन्या दप्तरांत धूळ खात पडली होती. त्यांसाठी राजवाडे यांना पायपीट करावी लागली, परक्यांची दारे ठोठवावी लागली, घरचे कागद दाखविण्यास कचरणाऱ्यांची मनधरणी करावी लागली.

मोडी अक्षर लावणे, नकला करणे, तारखा जुळविणे हे पुढचे काम मात्र एकट्याचेच होते. वाईस मिळालेल्या पत्रांच्या आधारे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. पुढे खंडांची संख्या 22 झाली. कच्चा माल समाजाचा आणि श्रम एकांतातले, असा हा व्यवहार होता. तयार झालेले ग्रंथ पुन्हा समाजाच्याच पदरी पडले.

हा तोल त्यांना नेहमी साधला, असे मात्र म्हणता येणार नाही. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. तथापि मतभेद होऊन ते तेथून दूर झाले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. मागे राहिलेले त्यांचे कागद एकट्याच्या संसारात विखुरलेच असते. ते सांभाळण्यासाठी पुढच्याच महिन्यात धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, ते माणसे जमली म्हणूनच.

दूरध्वनी बाजूला ठेवणे सोपे आहे. त्या निवांत वेळात करावयाचे काम आणि ते ज्यांच्यासाठी करावयाचे ती माणसे जवळ नसतील, तर त्या एकांताचे मोल ते काय?