उघड्या दारातील प्रार्थना

संकटकाळी माणूस देवाकडे वळतो, हा सर्व धर्मांचा अनुभव आहे. संकट ओसरले की बहुतेकांची प्रार्थनाही ओसरते, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. म्हणूनच जिची श्रद्धा स्वतःच्या दुःखातून जन्मली आणि पुढे इतरांच्या दुःखाकडे वळली, अशा व्यक्तीचे चरित्र विचार करायला लावते. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र या प्रकारचे आहे. महाराष्ट्राने त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला आणि त्यांच्या समाजकार्याची दखलही, उशिरा का होईना, घेतली. त्या कार्यामागील ख्रिस्ती प्रार्थनेविषयी मात्र आपण आजवर अवघडलेले मौनच पाळले आहे. ती प्रार्थना वगळली तर रमाबाई अर्ध्याच उरतात.

सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीला दिली. पुराणकथन करीत हे कुटुंब तीर्थाटन करी. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडीकुंडी गेली. व्रते, उपवास, जप आणि दानधर्म यांत खंड पडला नाही. शेवटी अरण्यात पाणी आणि झाडपाला यांवर अकरा दिवस काढण्याची पाळी आली. काही काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. आईच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. रमाबाई उंचीने लहान होत्या. तेव्हा त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

मागे उरलेली ही भावंडे पुढे वर्षानुवर्षे पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी, कडाक्याच्या थंडीत, अंगावर पुरेसे पांघरूण नसल्याने त्यांनी वाळूत खड्डे खणून मानेपर्यंत स्वतःला झाकून घेतले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. जगाला तिचे पाठांतर दिसत होते. परंपरागत श्रद्धा मात्र आतून ढासळली होती. ज्या देवतांसाठी आईवडिलांनी सर्वस्व वेचले, त्या गप्प का राहिल्या, हा प्रश्न कोणत्याही पोथीने सोडविला नव्हता.

आघात एवढ्यावर थांबले नाहीत. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातिबंधन मोडून विवाह केला. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा होती. त्या पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या मैत्रिणीने तेथे आत्मघात केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

दुबळ्या मनाने शोधलेला हा आसरा होता, असे म्हणणे सोपे आहे; परंतु पुढचा इतिहास तसे सांगत नाही. ज्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांच्याशीच त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर निकराचा वाद घातला. चर्चची अधिकारवाणी म्हणून काही मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ती धर्म आपण प्रथम बुद्धीने स्वीकारला, खुद्द ख्रिस्ताची ओळख मात्र सुमारे आठ वर्षांनी पटली, अशी प्रांजळ नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई मुलीसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले; अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी कोणाला प्रार्थनेस बोलावले नाही, पण आलेल्यांना हाकललेही नाही आणि दार लावून घेण्यास साफ नकार दिला. पालकांची धास्ती निराधार नव्हती. पूज्य गुरूच्या खोलीचे उघडे दार हेही आमंत्रणच असते. तरी त्याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी म्हणून त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या, हेही विसरता येत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाईंना स्वतःची जुनी भूक आठवली. त्या तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. प्लेगच्या दिवसांत त्यांना पुण्यात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या १०० एकर जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच ‘मुक्ती’ साकार झाली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथे १,९०० च्या आसपास माणसे होती. पाऊस नव्हता. विहिरी संध्याकाळपर्यंत तळ गाठीत आणि सकाळी पुन्हा पाझरत, असे त्या काळच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. श्रद्धावान त्यात ईश्वराचा हात पाहील, भूगर्भतज्ज्ञ झरा पाहील. रमाबाईंनी प्रार्थनाही केली आणि विहिरीही खणल्या. शेती, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांसाठी शिक्षण अशी कामे तेथे उभी राहिली. देवाकडे भाकर मागणे आणि ती पिकविण्यासाठी राबणे, यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

या कार्यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. मुक्तीत आलेल्या कितीतरी मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या, निराधार मुलीच्या संमतीला कितपत अर्थ असतो? हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे नाही. पण त्यासोबत दुसराही प्रश्न विचारावा लागतो: त्या मुली रस्त्याच्या कडेला मरत असताना त्यांच्या स्वधर्मीयांपैकी किती जणांनी आपले दार उघडले होते? धर्मांतराची चिंता वाहणाऱ्या समाजाने अनाथाची चिंता आधी वाहिली असती, तर या वादाची धार पुष्कळशी बोथट झाली असती.

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पण संस्कृतची ही पंडिता संस्कृतप्रचुर भाषा कटाक्षाने टाळीत होती, कारण तो ग्रंथ खेड्यातील साध्या स्त्रीला कळावयाचा होता. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. त्याही दुःखात मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रमाबाईंच्या प्रार्थनेने त्यांच्यावरील एकही आघात टळला नाही. भाऊ, पती आणि कन्या यांपैकी कोणीही परत आले नाही. तरीही त्या प्रार्थनेला निष्फळ म्हणता येत नाही. दुःखाने माणूस कडवट होतो किंवा स्वतःपुरते पाहू लागतो. रमाबाईंच्या बाबतीत दोन्ही घडले नाही, आणि याचे श्रेय त्या स्वतः आपल्या श्रद्धेला देत. त्यांचा धर्म कोणी स्वीकारावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु कोणत्याही देवापुढे हात जोडणाऱ्याची श्रद्धा पारखावयाची असेल, तर त्याच्या प्रार्थनेनंतर कोणासाठी दार उघडले, हे आधी पाहावे.