कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा. परकीय सत्ता उलथून टाकावी, हा एकच ध्यास त्यांना विद्यार्थिदशेतच लागला होता. स्वदेशात राहून हे कार्य साधणार नाही, असे वाटून त्यांनी तरुणपणी घर सोडले व जपानमार्गे ते अमेरिकेस गेले. तेथे मोलमजुरी करून त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात जाऊन ते इंग्रजांच्या फौजेशी लढले. परंतु तो प्रयत्न फसला. इंग्रज सरकारने त्यांचे नाव काळ्या यादीत घातले. मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. हातचे शस्त्र गेले, तरी शिकलेली विद्या मात्र त्यांच्यापाशी होती. तिच्या बळावर १९२४ साली ते मेक्सिको देशात गेले.

त्या देशात नुकतीच क्रांती होऊन गेली होती. गोरगरिबांना जमिनी मिळू लागल्या होत्या. पण पीक वाढवण्याचे ज्ञान त्यांना कोण देणार? चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे अध्यापक झाले. मका हे तेथील लोकांचे मुख्य अन्न. टिओसिंटे नावाचे रानगवत हे मक्याचे आप्त. त्याला पुष्कळ फुटवे येतात. मक्याशी त्याचा संकर करून एका ताटाला अनेक कणसे यावीत, यासाठी त्यांनी परिश्रम केले. गव्हाच्या वाणांवरही त्यांनी प्रयोग केले. हे ज्ञान विद्यालयाच्या भिंतींत कोंडून राहू नये, म्हणून शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या.

मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९२८ साली रोजच्या भाकरीविषयी एक भित्तिचित्र काढले. त्यात पंक्तीला बसलेल्यांमध्ये भाकरी मोडून देणारा पुरुष खानखोजे यांच्या रूपात रंगवलेला आहे. परक्या देशाने त्यांना असा मान दिला.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. पुढे खानखोजे मायदेशी परतले आणि नागपुरास स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यासाठी त्यांनी मातृभूमी सोडली आणि दूरदेशीच्या भुकेल्यांसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. तलवार आणि नांगर ही दोन्ही त्यांना लोकसेवेचीच साधने वाटत होती.