घोड्याच्या नजरेतून बाजार

तापीकाठच्या सारंगखेड्याला मार्गशीर्षात दत्तजयंतीची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन माणसे बाहेर पडतात आणि त्यांचे पाय आपोआप घोडेबाजाराकडे वळतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठकुठून जनावरे आलेली असतात. टोकाशी आत वळलेल्या कानांचे मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, पंचकल्याणी, अबलख. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघते, गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवते, अंगावरचे भोवरे तपासते. गळ्याशी देवमण असला तर मालकाचा आवाज चढतो. एखादा भोवरा अशुभ जागी निघाला तर चांगल्या उमद्या जनावराची किंमत तिथल्या तिथे कोसळते. बोलणी लाखांत चालतात. हा बाजार पाहताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते. इथे सगळे घोड्याकडे बघत असतात. घोडा मात्र आपल्याकडे बघत असेल, तर त्याला काय दिसत असेल?

हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका पायाने अधू बाईने स्वतःला विचारला आणि उत्तरादाखल अख्खी कादंबरी लिहिली. तिचे नाव ॲना सेवेल आणि कादंबरीचे 'ब्लॅक ब्युटी'. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत, इंग्रजीच्या अवांतर वाचनात, चित्रांसकट संक्षिप्त रूपात वाचली असेल. मीही तशीच वाचली. त्यामुळे ते मुलांचे पुस्तक असा आपला समज होऊन बसला आहे. ॲनाने ते मुलांसाठी लिहिलेच नव्हते. घोडे ज्यांच्या हाती असतात ते मोतद्दार, गाडीवान, तबेल्यातली पोरे यांच्यासाठी ते होते.

ॲना 30 मार्च 1820 रोजी नॉरफोक परगण्यातल्या ग्रेट यारमथ या बंदराच्या गावी जन्मली. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, साधे बोलणे आणि मुक्या जिवाला इजा न करण्याची शिकवण. वडिलांचे धंदे काही धड चालत नसत, त्यामुळे बिऱ्हाड सारखे हलते. आई मेरी मात्र मोठी खंबीर बाई. तिने मुलांना घरीच शिकवले, आणि त्यांच्या अभ्यासाची पुस्तके घेता यावीत म्हणून स्वतः एक छोटे पुस्तक लिहून विकले. पुढे तिने गोरगरिबांसाठी लिहिलेली पद्ये लाखांच्या संख्येने खपली. म्हणजे घरातली नावाजलेली लेखिका आई होती. लेक तिची हस्तलिखिते तपासून द्यायची.

चौदाव्या वर्षी पावसातून शाळेतून घरी येताना ॲना घसरून पडली आणि तिचे घोटे दुखावले. साधी दुखापत, पण उपचार नीट झाले नसावेत. ती पुन्हा कधी मोकळेपणाने चालू शकली नाही. कुबडीशिवाय उभे राहणे कठीण, लांब चालणे अशक्य. युरोपातल्या औषधी पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन झाले. तात्पुरता उतार पडे, पुन्हा तेच.

अशा मुलीला जग पाहायचे तर एकच वाट होती, घोडागाडी. वडिलांना स्टेशनावर सोडायचे आणि आणायचे काम तिने स्वतःकडे घेतले. लहानशी गाडी, एक घोडा आणि ती. ती लगाम सैल सोडून हाकायची, चाबूक जवळजवळ वापरायचीच नाही आणि घोड्याशी माणसाशी बोलावे तसे बोलायची, असे तिच्या ओळखीच्यांनी सांगून ठेवले आहे. आपण घोड्याकडे रुबाब म्हणून, सवारी म्हणून किंवा धंदा म्हणून बघतो. ॲनासाठी घोड्याचे पाय हे तिचेच पाय होते. हे तिच्या लेखणीचे मूळ, असे मला वाटते. ज्याला स्वतःला चालताना दुखते, त्यालाच दुसऱ्याचे लंगडणे लांबून कळते.

1867 साली हे कुटुंब नॉर्विचजवळच्या ओल्ड कॅटन गावी राहायला आले. 1871मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, तिने पुस्तकाला हात घातला. तोवर प्रकृती इतकी ढासळली होती की बहुतेक दिवस कोचावर पडून जात. बरे वाटेल त्या दिवशी ती काही ओळी सांगायची किंवा कागदाच्या चिठोऱ्यांवर पेन्सिलीने लिहायची. आई ते चिठोरे उचलून स्वच्छ प्रत करायची. असे सहा वर्षे चालले. नॉर्विचच्याच जॅरोल्ड या प्रकाशकाने थोडक्या पौंडांत एकरकमी हक्क विकत घेतले आणि नोव्हेंबर 1877मध्ये पुस्तक बाहेर आले.

गोष्ट घोडा स्वतः सांगतो. कुरणातले बालपण, पहिला लगाम, पहिली नाल, चांगला मालक, मग मालक बदलत जाणे. त्याच्यासोबत जिंजर नावाची तांबूस घोडी आहे, आणि मला विचाराल तर पुस्तकातले सर्वांत जिवंत पात्र तीच. चावरी, लाथाळ, कुणालाही जवळ येऊ न देणारी. ती तशी का झाली ते ॲना तिच्याच तोंडून सांगते: लहानपणापासून जबरदस्तीखेरीज तिच्या वाट्याला काही आलेच नव्हते. एका मोठ्या घरची बाई गाडीच्या घोड्यांच्या माना फॅशनपायी आणखी वर ओढायला सांगते, तेव्हा जिंजर लाथा झाडून बंड करते. शेवटी भाड्याच्या गाडीला जुंपून तिचा पार चोथा होतो.

ही माना ओढण्याची भानगड समजून घ्यायला हवी. त्या काळी नेहमीच्या लगामाखेरीज एक जादा लगाम घोड्याच्या तोंडापासून पाठीवरच्या साजाला अडकवत. त्यामुळे मान सतत उंच राही आणि गाडी ऐटदार दिसे. पण चढावर ओझे ओढताना घोड्याला मान खाली घालून अंगाचा भार पुढे टाकावा लागतो. ती मान अडकली की सगळा ताण पाठीवर, पायांवर आणि श्वासावर येतो. ॲनाने हे एखाद्या जाणत्या सईसासारखे उलगडून दाखवले आहे.

त्याच पुस्तकात घोडेबाजाराचे एक प्रकरण आहे. सारंगखेडा माहीत असलेल्याने ते जरूर वाचावे. दारूच्या नशेतल्या एका माणसाने सैल झालेल्या नालेकडे दुर्लक्ष करून ब्युटीला रात्री दगडांच्या रस्त्यावर पळवलेले असते. घोडा पडून गुडघे फुटलेले असतात. आता बाजारात जो तो त्याला पारखतो, गुडघ्यावरचे वण पाहून पुढे सरकतो. दात आणि पाय तपासणारे तेच हात, पण या वेळी आपण घोड्याच्या बाजूने उभे असतो. कोणाचा हात राकट, कोणाचा निष्काळजी, आणि कोणाचा स्पर्श आधी धीर देणारा, हे घोड्याला कळते. अखेर जेरी बार्कर नावाचा लंडनचा एक गाडीवान साडेचोवीस पौंडांना त्याला घेतो.

जेरी देवमाणूस आहे, तरी ॲना तिथे थांबत नाही. तिने सॅम नावाचा दुसरा गाडीवानही आणला आहे. त्याला गाडी आणि घोडे रोजच्या भाड्याने घ्यावे लागतात. भाडे फिटेपर्यंत घोडा हाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. घोडा मरतो तो त्याच्या चाबकाने, पण चाबूक हलवणारा हिशेब दुसऱ्याचाच असतो. पुस्तकात काही पाने रविवारच्या शाळेतल्या प्रवचनासारखी झाली आहेत, हे खरे. पण गाडीवानाला सरसकट खलनायक न करण्याची ही समज आजही दुर्मिळ आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या 2015मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाडीवाल्यांच्या पोटाचे काय, हा प्रश्न लागलीच उभा राहिला होता. ॲनाला तो मुळीच परका वाटला नसता.

प्राण्यांच्या छळाविरुद्धची चळवळ तिने सुरू केली असे नाही. आपल्या मुंबईतच 1874मध्ये तशी संस्था निघाली आणि 1883 साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. पण संस्थेचे पत्रक गाडीवान वाचत नाही, गोष्ट वाचतो. अमेरिकेत जॉर्ज एंजेल या प्राणिमित्राने हे नेमके हेरले. 1890मध्ये त्याने स्वतःची आवृत्ती काढली आणि गाडीवानांना, तबेल्यांतल्या नोकरांना ती फुकट वाटली. त्या जादा लगामाची फॅशन हळूहळू ओसरली, त्याचे पुष्कळसे श्रेय या पुस्तकाला दिले जाते. आपल्याकडे जुंपणीच्या आणि ओझ्याच्या जनावरांना काटेरी लगाम वापरायला 1965च्या नियमांनी बंदी आहे. घोड्याला नाचवण्याच्या नादात हा नियम किती जण आठवतात, ते लग्नाच्या वरातीत नवरदेवाऐवजी घोड्याच्या तोंडाकडे पाहिले तर कळेल.

यातले फारसे काही ॲनाला पाहायला मिळाले नाही. पुस्तक निघाल्यावर ती जेमतेम पाच महिने जगली. ते बरे खपते आहे इतके तिच्या कानी आले. 25 एप्रिल 1878 रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती गेली. प्रेत न्यायला घोड्यांची गाडी दारात आली. ऐंशीच्या घरातल्या मेरीबाईंनी खिडकीतून पाहिले, तर त्या घोड्यांच्या माना जादा लगामाने वर खेचलेल्या. त्या खाली आल्या आणि त्यांनी एकेका घोड्याचा तो लगाम काढायला लावला, असे सांगतात. घोड्यांनी माना खाली घेतल्या, मगच गाडी लामास गावच्या दफनभूमीकडे निघाली.